तिरपी चुणी

चिखले,
९ नोव्हेंबर २०१४

ती. सौ. ताईस,
विनिताचा सा. न. वि. वि.

सदूभाऊ आमच्या वाडीतले चिकू टेम्पोत घालून तलासरीवरून हायवेला लागणार आहेत, त्यांच्याकडे ही पिशवी देते. फोनच करणार होते, पण फोन वाजला की आमच्या सासूबाई नेमक्या तांदूळ निवडायला माझ्याजवळ येऊन बसतात, आणि तुझ्याकडे भावोजी मागून झालं का, झालं का म्हणून विचारत राहतात. त्यापेक्षा पिशवीतलं पत्र बरं.

दिवाळीच्या सुट्टीत तुझी पुष्पा इथे आली तेव्हा तिने मला एक चित्र आणून दिलं. डहाणूला दाढ दाखवायला गेली होती म्हणे. दवाखान्यातल्या मासिकातलं पान तिने फाडलं, आणि कंपाउंडर बघतोय असं वाटून घाईघाईने कसंही दुमडून पर्समध्ये कोंबलं. तिला रागावू नकोस, माझ्यासाठीच केलं पोरीने. मुंबईला तारिणी वखारिया म्हणून फॅशन डिझायनर आहेत, त्यांचा लांब कुर्ता आहे त्या पानावर. साधा निळा. जर नाही, टिकल्या नाहीत. फक्त डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत एक बारीक तिरपी चुणी. ताई, असली चुणी मी जन्मात पाहिली नव्हती. मी तशीच घालून बघितली, कितीदा उसवली तेव्हा जमली. तिरप्या कापडाला ओढ असते, टीप घालताना ते हातातून पळतं. सासूबाईंनी बराच वेळ पाहिलं आणि कापड जास्त झालं होतं का, असं विचारलं.

तुझ्यासाठीही एक शिवला आहे. ते पान मी पहिल्याच दिवशी फ्रेम करून मशीनसमोर लावलं आहे. आमच्या ह्यांचं म्हणणं एवढंच की देवांच्या ओळीत नको.

लोभ आहेच, तो कुर्ता अंगात घालून वाढवावा, ही विनंती.

तुझी,
विनिता


तलासरी,
२३ नोव्हेंबर २०१४

चि. सौ. विनितास,
अनेक उ. आशीर्वाद.

पिशवी पोचली. वाटेत एक चिकू तुझ्या पत्रावर फुटला, त्यामुळे तुझ्या सासूबाईंबद्दलचा मजकूर नीट लागला नाही. तारिणीबाईंचं नाव तेवढं लागलं.

कुर्ता ह्यांना दाखवला. ते ऑफिसातून आले होते, त्यांनी चष्मा पुसला आणि हा कुठे अडकून फाटला होता का, असं विचारलं. तरी मी हट्टाने भिशीला घालून गेले. विनी, खोटं वाटेल, पण तिथल्या सगळ्या बायकांनी मला बारीक झालीस म्हणून सांगितलं. मी काही बारीक झालेले नाही, ते तुलाही ठाऊक आहे. ती चुणी बघणाऱ्याला तिरपं घेऊन जाते आणि तेवढ्यात पोट सुटून जातं. तुझी ती बाई हुशार आहे. तिचं पोट नक्की माझ्याएवढं असणार.

सोबत भिशीतल्या तिघींची मापं आणि कापडं पाठवते. शिलाई घेतल्याशिवाय शिवायचं नाही, ही मोठ्या बहिणीची आज्ञा समज.

उत्तरापेक्षा कुर्ते लवकर यावेत. लोभ असू दे.

निर्मला


चिखले,
१२ फेब्रुवारी २०१६

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण मशीनवरून उठायला होत नाही. चिखल्यात आता चुणीशिवाय कुर्ता म्हणजे अर्धवट शिवलेला, असा समज झाला आहे. मासळी घेऊन येणाऱ्या ठकीने पोलक्यालाच चुणी मागितली. पोलक्याला कुठून घालणार, कापडच तेवढं नसतं, पण तिने पापलेट बाजूला काढून ठेवले होते, म्हणून घातली. घोलवडच्या बाया येतात आणि चुणी खरी तारिणीबाईंसारखीच आहे ना, हे फ्रेमजवळ जाऊन ताडून बघतात. मी सगळ्यांना एकच सांगते, जशी पानावर तशी कापडावर, माझ्या पदरचं काही नाही. परवा सासूबाईंनी कोणी नाही असं बघून गाऊनचं कापड माझ्यापुढे ठेवलं. नुसतं बोटाने खांद्यापासून कमरेपर्यंत दाखवलं.

एक गोष्ट मनात आहे, ती आजच लिहून टाकते. पुष्पाचं लग्न ठरेल तेव्हा तिचा रिसेप्शनचा ड्रेस मी शिवणार. तारिणीबाईंचा तोच निळा, पण रेशमात. हे ठरलं.

लोभ आणि ऑर्डरी, दोन्ही असू द्याव्यात.

विनिता


तलासरी,
४ फेब्रुवारी २०१८

चि. सौ. विनितास,
अनेक उ. आशीर्वाद.

पुष्पाचं ठरल्याचं फोनवर सांगितलंच. जतीन चांगला मुलगा आहे, डहाणूला त्यांचं पंख्यांचं दुकान आहे. घर मोठं आहे आणि घरातल्या बायका दुकानाच्या पाटीसारख्या नटतात. ह्या पत्रात लिहायचं ते फोनवर सांगायला मला धीर झाला नाही.

रिसेप्शनचा ड्रेस मुंबईहून आणायचा असं पुष्पा म्हणते आहे. तारिणी वखारियाच्या खऱ्या दुकानातून. त्या लोकांनी कोणी केला म्हणून विचारलं तर घरी शिवला असं कसं सांगायचं, असं तिचं म्हणणं. मी तिला बोलले, पुष्कळ बोलले. तर ती म्हणाली की मावशीलाच सगळ्यात जास्त आनंद होईल, मावशीचीच आवडती बाई आहे ती.

रागावू नकोस. मी मध्ये सापडले आहे. लोभ पूर्वीचाच असावा, एवढंच मागते.

निर्मला


चिखले,
११ फेब्रुवारी २०१८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पावलं. आनंद झाला. तारिणीबाईंचा ड्रेस आपल्या घरात येणार, ह्याहून मोठी गोष्ट कोणती. पुष्पाची निवड उत्तम आहे. माझी काहीच हरकत नाही.

वरचं मी काल लिहिलं होतं. आज वाचलं तर ग्रामपंचायतीच्या पत्रासारखं वाटलं, म्हणून खरं ते लिहिते. ताई, मला वाईट वाटलं. पुष्पाच्या बारशाचं झबलं मी शिवलं तेव्हा मी दहावीत होते आणि त्याचा गळा डोक्यातून जाईना. तेव्हापासून तिच्या अंगावर माझ्या हातचं काही ना काही आहे. मला मूल नाही. ह्या घरात त्यावरून पुष्कळ बोलणं झालं, तू एका शब्दाने कधी बोलली नाहीस. पण ती पोर माझा कपडा घालून समोरून चालत आली की मला बरं वाटायचं. शेवटचा मोठा कपडा माझ्या हातून जावा, एवढीच इच्छा होती.

आता झालं लिहून. हळदीला घालायचे सगळ्यांचे कुर्ते मी शिवते. मापं पाठव. पुष्पाचं नको, ते माझ्याकडे आहे.

लोभ कमी झालेला नाही, करायचा प्रयत्न केला होता.

विनिता


तलासरी,
१५ एप्रिल २०१८

चि. सौ. विनीस,
आशीर्वाद.

हे पत्र मिळताच सगळी कामं सोड. सदूभाऊंबरोबर ड्रेसचा खोका पाठवते आहे. त्यांना सांगितलं आहे, त्यावर चिकूची पाटी ठेवायची नाही.

काल आम्ही मुंबईहून ड्रेस आणला. घरी येऊन पुष्पाने घातला, शेजारपाजारच्या बायका बघायला जमल्या, आणि सगळ्या एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. ड्रेसला चुणीच नाही. सपाट. खांद्यापासून खालपर्यंत पंचायत समितीची भिंत. दुकानात झगमगाटात कोणाच्या लक्षात आलं नाही. भिशीतल्या तानीने स्पष्टच सांगितलं की हा डुप्लिकेट आहे, तारिणीचा असता तर चुणी असती, आम्ही चार वर्षं घालतोय. पुष्पा रडून रडून सुजली. हे पावती घेऊन परत मुंबईला निघाले होते, मी चप्पल लपवली म्हणून थांबले. शिवाय ड्रेस अंगाला सैल आहे. सैलच घालतात असं तिथे सांगितलं होतं.

तारिणीबाईंना आपल्यात तूच ओळखतेस. खरा की खोटा, ते तू बघून सांग. पुढचं मग ठरवू.

निर्मला


चिखले,
१७ एप्रिल २०१८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून चुलीत घाल. तुझ्याकडे गॅस आहे ते माहीत आहे, तरी घाल.

ड्रेस खरा आहे. आतली शिवण बघितली, असं बारीक काम खोट्यात नसतं. मग मी फ्रेम खाली काढली. काच काढली. चार वर्षं मी ह्या पानाकडे बघते आहे, पण काचेच्या आड बघते आहे. आज उघड्या पानावर हात फिरवला. चुणी बोटाला लागली, ताई. चित्रातल्या कापडाला नव्हे, कागदाला. ती चुणी कुर्त्याच्या खाली संपत नाही. बाईच्या हातावरून, मागच्या खुर्चीवरून पार पानाच्या कडेपर्यंत जाते. पुष्पाने दवाखान्यात घाईने दुमडलं, तिथे पान मोडलं, आणि त्या मोडीची सावली कुर्त्यावर पडली. ती बघून मी शिवत राहिले. तारिणीबाईंनी असली चुणी आयुष्यात कधी घातलेली नाही.

चिखल्यापासून घोलवडपर्यंतच्या बायका कागदाची मोड अंगावर घालून हिंडताहेत. ठकी तर ती घालून मासे विकते. मी सगळ्यांना छाती ठोकून सांगितलं की माझ्या पदरचं काही नाही. ताई, सगळं माझ्याच पदरचं निघालं. मला हसू येत नाही. मशीनवर चादर घातली आहे. काल तीन बाया आल्या, त्यांना ताप आला आहे म्हणून परत पाठवलं.

ड्रेसचं काय करू ते कळव. लोभ असावा, आता त्याची गरज आहे.

विनिता


तलासरी,
१८ एप्रिल २०१८

चि. सौ. विनीस,

सदूभाऊ दारात उभे आहेत, म्हणून थोडक्यात. पत्र जाळलं. आधी पोट धरून हसले, मग जाळलं. हे बाहेरून काय झालं विचारत होते, त्यांना ठसका लागला म्हणून सांगितलं.

आता ऐक. पुष्पाला मी सांगितलं आहे की ड्रेस खरा आहे, मुंबईवाल्यांनी चुणी घालायचं काम अंगाच्या मापावर ठेवलेलं असतं, ते मावशी करेल. तिचं रडणं थांबलं. तिला वाटेल की पान फाडल्यामुळे सगळं झालं, म्हणून तिला खरं कळू द्यायचं नाही. ड्रेस सैल आहे, कापड भरपूर आहे. चादर काढ आणि चुणी घाल. शेवटचा मोठा कपडा तुझ्या हातून जायला हवा होता ना? जातो आहे. तारिणीबाईंनी त्याची तयारी करून दिली, असं समज.

निर्मला


चिखले,
१० मे २०१८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

लग्नाच्या गडबडीत तुझ्याशी चार शब्द बोलता आले नाहीत. पुष्पा किती सुंदर दिसत होती. स्टेजवर चढताना तिने माझ्याकडे बघितलं, मी तोंड फिरवून डोळे पुसले.

तू पाहुण्यांच्यात होतीस, म्हणून तुला कळलं नसेल. जतीनच्या आत्या, सोनीबाई, माझ्या शेजारी आइस्क्रीम खात होत्या. त्यांनी मला मराठी आणि गुजराती मिळून समजावलं की ड्रेस तसा साधाच, सगळा पैसा त्या चुणीचा. असली चुणी आपल्या गावाकडच्या शिवणाऱ्या बायांना सात जन्मांत जमायची नाही. मी हो म्हटलं. माझ्या अंगावर तीच चुणी होती, ताई, हाताच्या अंतरावर. त्या ती न्याहाळून म्हणाल्या की नक्कल बरी केली आहे.

आधी राग आला, मग घरी येईपर्यंत हसत होते. मशीन पुन्हा सुरू केलं आहे. लोभ वाढावा, नक्कल चालू राहावी.

विनिता


डहाणू,
७ जुलै २०१९

ती. सौ. आईस,
पुष्पाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही दोघी पिशवीतून पत्रं पाठवता त्याला मी हसायचे. आता कळलं का पाठवता. इथेही फोनवर सगळे ऐकतात.

एक गंमत झाली. माझ्या ड्रेसवर जीव होता म्हणून नणंदेने, रूपीने, तारिणीचा तसाच ड्रेस मागवला. त्याला चुणी नव्हती. खोटा निघाला म्हणून भांडून तिने तो परत केला. मला शंका आली. गेल्या आठवड्यात चिखल्याला गेले तेव्हा मावशी चहा करत होती, मी फ्रेम नीट बघितली. आई, ती चुणी नाहीच. मी दवाखान्यात पान दुमडलं होतं, ती मोड आहे. मावशीला हे कधीच सांगू नकोस. तिला कळलं तर ती मशीन विकेल. मी शपथ घातली आहे असं समज.

खरं सांगू? मला त्याच चुणीचे कुर्ते हवेत. मावशीकडे मऊ सुती कापड दिलं आहे. चुणी रुंद घाल आणि कच्ची टीप मार, म्हणजे महिन्या-महिन्याला थोडी थोडी सोडता येईल, असं सांगितलं. ती वळून माझ्याकडे बघत राहिली. तुला आधी सांगायचं होतं, म्हणून हे पत्र.

बाबांना तू सांग. तुझा लोभ आता दोघांना पुरायला हवा.

तुझी,
पुष्पा


तलासरी,
१० जुलै २०१९

चि. सौ. विनितास,
अनेक उ. आशीर्वाद.

पुष्पाचं पत्र सोबत पाठवते. वाच आणि परत कर. तुला ठाऊक आहे हे तिला कळू देऊ नकोस, आणि तिला ठाऊक आहे हे तुला कळलं आहे, असंही दाखवू नकोस. मी सगळ्यांच्याच शपथेत आहे. ह्यांना मात्र काहीच ठाऊक नाही. ते सकाळपासून गावभर पेढे वाटत आहेत.

कुर्ते लवकर शिव. बाळ जन्मायच्या आधी झबल्याचं कापड कापायचं नसतं, ते मी तुला सांगायला नको. पण डोळ्यांनी माप घ्यायला कोणाची बंदी नाही. गळा ह्या खेपेला मोठा ठेव. आणि चुणी घालू नकोस विनी, त्या जिवाला अजून काही लपवायचं नाही.

निर्मला