तिसऱ्या गाडीचं नाव

मांडवी, कच्छ
ता. ३ मे १९९२

चि. हीरजी यास,
अ. उ. आ. आशीर्वाद रीत म्हणून लिहिलाय, मनातून नाही. दुसरी शिकलेल्या बाईचं अक्षर वाकडं असेल, डोकं सरळ आहे.

तू शारजाहून मोंघीच्या भावाला पत्र घातलंस की घरातला कचरा फेकून दे. आईला नाही, बायकोला नाही, मेहुण्याला! शिवजी हुकमाचा ताबेदार. मी मासळीबाजारात गेले तेवढ्यात त्याने तुझ्या कंकूच्या दोन्ही वाऱ्याच्या गाड्या चुलीत घातल्या.

कचरा काय होता ते ऐक. तुझ्या फाटक्या चपला कापून चाकं. मोडक्या छत्रीच्या काड्यांचे आस, ते फिरायला रिकाम्या पेनांच्या नळ्या. तेलाच्या डब्याचं अंग आणि दुधाच्या पिशव्यांचं शीड. गल्लीतली पोरं आणि मी मिळून केलं. मी पडले खारवीण, दर्यावर्दी घरची, सवयीने पहिल्या गाडीच्या पोटात जहाजासारखे तोलाचे धोंडे भरले. जागची हलेना. तर तुझी पोर मलाच म्हणते की दादी, हिला बुडायची भीती नाही, हिला पळायचंय, काढ ते धोंडे. काढले. ओहोटीच्या घट्ट वाळूवर अशी सुटली की मागे धावताना गुडघ्यांनी मला शिव्या घातल्या.

आता पोर बापाचं नाव काढत नाही. तू धाडलेलं बॅटरीच्या गाडीचं खोकं पलंगाखाली पडलंय, सुतळीसुद्धा सोडली नाही.

आणि कचरा कोणाला म्हणतोस रे? तुझ्याआधीची दोन पोरं पाळण्यातच गेली. तू झालास तेव्हा तुला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचलून माझ्या पदरात टाकलं आणि नाव ठेवलं कचरो. मरणाला वाटावं, ह्यात नेण्यासारखं काही नाही. हीरजी तू शाळेत झालास. पोरीची माफी मागून पत्र लिही, नाहीतर ह्या घरी पत्र धाडू नकोस.

लोभ आवरून धरलाय. मागशील तेव्हा बघू.
तुझी मा,
पूरबाई


शारजा
ता. २४ मे १९९२

ती. मा हिस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं, आणि नको तिथे पोचलं. इथे गावचं पत्र ज्याच्या हाती पडेल तो सगळ्या खोलीला मोठ्याने वाचून दाखवतो. खोलीतल्या उमरशीने वाचलं. तेव्हापासून अख्खी गोदी मला कचरो म्हणून हाक मारते, काल कामाला लागलेलासुद्धा. बरं वाटलं तुला?

कंकू लोकांच्या दारातल्या पिशव्या गोळा करत फिरते असं शिवजीने कळवलं होतं. हीरजी परदेशात आणि पोर उकिरड्यावर, असं लोक बोलतात म्हणे. मी इथे तापलेल्या पत्र्यावर भाजतो तो ह्यासाठी? नवी कोरी गाडी धाडली, तिच्याकडे ढुंकून बघत नाही, आणि माफी मी मागायची? बाप आहे मी. शिवाय मी जाळा म्हटलं नव्हतं, फेका म्हटलं होतं. एवढं तिला सांग.

ती रागावली आहे की नुसती गप्प आहे, तेही कळव.

माझ्यावर नजर असू दे, जीभ नको.
तुझा,
हीरजी


मांडवी
ता. १४ जून १९९२

चि. हीरजी यास,
अ. उ. आ., ह्या वेळी अर्धा.

तुझं किडामुंगी अक्षर मला लागेना, म्हणून कंकूकडून वाचून घेतलं. वाचता वाचता थांबली, कचरो कोण म्हणून विचारलं. सांगितलं सगळं, सूप, उकिरडा, आधीचे दोघे. फेका आणि जाळा हा तुझा वकिली फरकही तिने वाचला. म्हणाली, कसंही केलं तरी गाडी माझीच गेली.

मग पलंगाखालचं खोकं ओढलं. मला वाटलं, आली वळणावर. कसली वळणावर! स्क्रू फिरवून चारी चाकं काढून घेतली आणि बॅटरीचं धड परत खोक्यात कोंबलं. चाकं गुळगुळीत आहेत, एवढं तुझं कबूल. डबा जुनाच, चुलीत जळायचा राहिलेला, शीड माझ्या विटक्या ओढणीचं. काल किनाऱ्यावर सोडली, तर गल्लीतल्या पोरांनी केलेल्या सगळ्या गाड्यांना मागे टाकून पार शिवजीच्या पायांशी जाऊन थांबली. तो उचलायला वाकला आणि तसाच राहिला. डब्यावर लाल रंगाने, जहाजावर घालतात तसं, मोठ्ठं नाव घातलेलं. कचरो.

मी खेकसले तिच्यावर. म्हटलं, बापाची गावभर शोभा करतेस? तर म्हणाली, दादी, आधीच्या दोन गेल्या ना? तिसरीचं हे नाव ठेवलं की कोणी नेत नाही.

मी त्या नावावरची वाळू पुसली. मी!

शिवजीने हात मागे घेतला. गाडी उंबऱ्याशी उभी आहे. रजेवर येशील तेव्हा तूच उचलून फेकून दाखव, तिच्यासमोर.

जेवत जा. रागाने पोट भरत नाही, मी करून बघितलंय.
तुझी मा,
पूरबाई