नावड्याच्या कोंबड्यांचे रक्षक

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.
आजपासून ही वही केवळ कार्यार्थ. सूनबाई क्षिप्राने कंपनीतून तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढली आणि नावड्याच्या गोजराबाईंची, त्यांच्या घराशेजारची वाडी भाड्याने घेऊन तीत चाळीस गावरान कोंबड्या मोकळ्या सोडल्या. जानेवारीअखेर कळप टिकला तर ती राजीनामा देणार; न टिकल्यास पुन्हा कॉम्प्युटरसमोर. आठ वर्षांत तिला इतके हसताना मी पाहिले नव्हते.

मी अंड्याला स्पर्श करीत नाही. परंतु आश्रितांचे रक्षण हा धर्म होय, आणि आश्रिताला पिसे असू नयेत असे शास्त्रात कोठेही म्हटलेले नाही. म्हणून संरक्षण खाते मी मागून घेतले. क्षिप्रा अंड्यांच्या डिलिव्हरीला जाईल तेव्हा दहा ते चार वाडीत माझा पहारा.

शत्रू: कोल्हा, रानमांजर, घार, सर्प. संकल्प: योग्य रक्षक प्राण्याची नियुक्ती. चाळीस वर्षे संस्कृत शिकविले असल्याने सर्व देवतांची वाहने गुणधर्मांसह मुखोद्गत आहेत. कार्तिकेयाच्या ध्वजावर कोंबडाच असतो असे सौ. स्मितास सांगितले. मग त्यालाच बोलवा, तुमची दुपारची झोप तरी वाचेल, असे ती म्हणाली.

९ नोव्हेंबर, रविवार.
प्रथम नियुक्ती: श्वान. आमच्या नेरूळच्या सोसायटीतील काळा कुत्रा रिक्षाने नेला. नामकरण: भैरव. स्वर्गाच्या दारापर्यंत सोबत करणारा हा प्राणी. क्षिप्रा म्हणाली की राखणीचा कुत्रा पिल्लू असल्यापासून कोंबड्यांत वाढवावा लागतो. मी म्हटले, संस्कार कोणत्याही वयात होतात.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
भैरवाने सहा अंडी खाल्ली आणि तो नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीपाशी स्थायिक झाला. स्वर्ग दूरच, वाडीच्या फाटकापर्यंतही सोबत टिकली नाही. दोष कलियुगाचा. कोंबड्या चाळीस.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
वाडीत पाऊल टाकताच मुंगसाचे दर्शन! कुंपणाच्या भोकातून आले, क्षणभर माझ्याकडे पाहिले, शेवग्यामागे गेले. याहून मोठा शुभशकुन तो कोणता? हात जोडले. शिवाय सर्पाचा हा जन्मजात वैरी. म्हणजे चारपैकी एका शत्रूचा बंदोबस्त परस्पर झाला. भोकापाशी वाटीभर दूध ठेवले.

गोजराबाईंनी हटकले. ‘गुरुजी, त्या भोकाला जाली ठोका आदी. त्यो मुंगूस हाय, पावना नाय.’ बाई कष्टाळू आहेत. शकुनशास्त्राचा अभ्यास नाही, त्याला त्या तरी काय करणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
कोंबड्या सदतीस. घारीचा संशय. दुधाची वाटी मोठी केली, कारण शुभशक्ती प्रसन्न असली म्हणजे घारही वाट बदलते.

२६ नोव्हेंबर, बुधवार.
परदेशात कोल्ह्यांपासून कोंबड्या राखण्यासाठी गाढव ठेवतात, असा व्हिडिओ क्षिप्राने दाखविला. शीतलादेवीचे वाहन, मला आक्षेप नव्हता. वीटभट्टीवाल्याशी फोनवर बोलणी चालू असताना चिरंजीव अभिराम म्हणाला की बाबा, तुम्ही असताना वेगळे गाढव कशाला? मुलाचा हा विश्वास मोडणे योग्य नव्हे. बोलणी थांबविली.

४ डिसेंबर, गुरुवार.
कोंबड्या एकतीस. क्षिप्रा रात्री जेवली नाही. तिला धीर दिला की निवड अंतिम टप्प्यात आहे.

निवड: राजहंस. सरस्वतीचे वाहन, नीरक्षीरविवेक करणारा. पनवेलकडच्या एका फार्मवरून जोडी आणली. शुभ्र, उंच मानेचे. पाहताक्षणी शिक्षकी पेशातील वाटले.

९ डिसेंबर, मंगळवार.
घोर अपेक्षाभंग. मुंगूसमहाराज नित्याप्रमाणे दुग्धपानास आले असता दोन्ही हंस पंख पसरून, माना जमिनीलगत ताणून, कर्कश ओरडत त्यांच्या अंगावर धावून गेले. पाहुणा उपाशी परतला. मी हंसांना समजावू गेलो तर नराने माझ्या धोतराला चोच मारली. नीरक्षीरविवेक तर सोडाच, मित्र-शत्रू विवेकही नाही.

नोंद करण्यासारखे: गेले पाच दिवस एकही कोंबडी गेलेली नाही. ही दुधाची पुण्याई.

१० डिसेंबर, बुधवार.
हंस गोजराबाईंना देऊन टाकले. त्यांनी दोनदा विचारले, ‘नक्की ना गुरुजी? मंग मांगाल नाय ना?’ सत्पात्री दानानंतर पश्चात्ताप करणारा मी नव्हे. क्षिप्राला सांगितले की त्यांचे वर्तन संस्थेच्या शिस्तीत बसत नव्हते. तिने हातातली अंड्यांची टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, ‘बाबा, मला एकदा विचारायचं तरी.’ खातेप्रमुखाने प्रत्येक बदलीसाठी विचारत बसावे काय?

१९ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी ४.
आज साक्षात प्रमाण. ध्यानातून डोळे उघडले तो मुंगूस समोर, आणि त्याचे तोंड रक्ताने माखलेले!

लहानपणी ऐकलेली गोष्ट आठवली. पाळण्यातल्या बाळाला सर्पापासून वाचविणारे मुंगूस. त्याचे रक्ताळलेले तोंड पाहून आईने घाईने त्याचाच जीव घेतला आणि जन्मभर रडली. ती चूक माझ्या हातून होणे नाही. रक्त म्हणजे सर्पाचे. वाटीत साखर घातली.

शेवग्यामागे पिसे सापडली. सर्पाला पिसे नसतात हे मी जाणतो. परंतु कोंबडी गिळलेला सर्प मुंगसाने फाडला, तर पिसे बाहेर येणारच. कोंबड्या पंचवीस.

२ जानेवारी, शुक्रवार.
कोंबड्या अठरा. कुंपणापलीकडे गोजराबाईंच्या स्वतःच्या कोंबड्या, बत्तीसच्या बत्तीस, हंसांमागून ऐटीत फिरतात. नशीब एकेकाचे. आता मुंगसासोबत त्याचे कुटुंबही येऊ लागले आहे, एकूण चार. संरक्षण चौपट झाले तरी हानी थांबत नाही, यावरून शत्रू किती बलाढ्य असेल याची कल्पना यावी.

संकल्प: ध्यानाची वेळ कमी करणे. दोन ते साडेतीनऐवजी दोन ते सव्वातीन.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.
तिळगूळ वाटताना सौ. म्हणाली की मुंगसांचा हिस्सा बाजूला काढलाय, सगळ्यांत गोड ते तुमच्याशीच बोलतात. तिळगूळ तोंडात टाकला. सणाचा दिवस.

क्षिप्राने मला न विचारता शेवग्याला जुना मोबाइल बांधला. रेकॉर्डिंगसाठी म्हणे. करू दे.

२१ जानेवारी, बुधवार.
काल रेकॉर्डिंग घरच्या टीव्हीवर दाखविण्यात आले. गोजराबाईंना मुद्दाम बोलावले होते. मुंगूस येते. दूध पिते. मग खुर्चीत ध्यानस्थ असलेल्या व्यक्तीच्या पायांमधून जाऊन कोंबडी धरते. फडफडाटाने ती व्यक्ती जागी होते, समोरून कोंबडी घेऊन निघालेल्या मुंगसाला पाहते आणि उभी राहून नमस्कार करते.

त्या व्यक्तीच्या डोळ्यांवर त्या वेळी चष्मा नव्हता, ही गोष्ट कोणीही विचारात घेतली नाही. अभिराम उठून गॅलरीत गेला; त्याचे खांदे हलत होते. गोजराबाई एवढेच बोलल्या, ‘रोज दूद घालून बोलावला गुरुजींनी. त्यो तरी काय करल.’

क्षिप्राने ती क्लिप पुन्हा लावली. तिला कोंबडी कोणती ते पाहायचे होते. मग टीव्ही बंद करून आत गेली. ती रागावली असती तर माझी उत्तरे तयार होती.

३१ जानेवारी, शनिवार.
शिल्लक नऊ कोंबड्या गोजराबाईंकडे पोहोचविल्या. क्षिप्राने एकेक उचलून दिली, प्रत्येकीची सवय सांगून. मी फाटकापाशी उभा होतो. हंस मला आत येऊ देत नव्हते.

रात्री वहीत तीन वेळा लिहून खोडले. प्रारब्ध हा शब्द योग्य होता, पण पानावर बरा दिसेना.

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.
क्षिप्रा आज ऑफिसात रुजू होत आहे. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. नेहमीप्रमाणे नमस्काराला वाकली. मी म्हटले, बाळ, चिंता करू नकोस, तेथेही मी तुझ्या पाठीशी आहे.

ती वाकलेलीच थांबली. म्हणाली, ‘बाबा, आशीर्वाद पुरे. राखण नको.’

नुसता आशीर्वाद दिला.