तळहातावरचा थेंब

मंगळवार, येलहंका

आज टँकर आला तेव्हा अण्णांना मुद्दाम आमच्या पंपावर नेलं. पूर्वी ते पेट्रोलचा थेंब तळहातावर घेऊन हुंगायचे आणि कन्नडमध्ये ‘सरी’, म्हणजे ठीक, म्हणायचे. मगच माल उतरायचा. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल. ते पाणी ओढून घेतं, म्हणून नियमाप्रमाणे टाकीत पाणी नाही ना, ते मी तपासलं. तरी थेंब त्यांच्या हातावर सोडलाच. हल्ली ते पोटच्या पोराचं, माझंही नाव विसरतात. थेंब तरी ओळखतील?

बराच वेळ हुंगत राहिले.

“हे उसाचं रे.”

“हो अण्णा.”

“ऊस नको म्हणून गाव सोडलं. हा आला बघ मागोमाग!” हसले. थेंब उडून गेला, तरी तळहात तसाच पसरलेला. मग म्हणाले, “सरी.”

ठीक म्हणाले, की गावच्या उसाची सरी आठवली? माल उतरवून घेतला.