बोट उचलण्याआधी

बाई, तुमचं पितळी ताट अजून माझ्याकडे आहे. आज ते पुन्हा खाली काढलं, म्हणून लिहायला बसले.

मुलगी पुण्याहून आली आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडणाऱ्या खिडक्यांना बोटाची भाषा कशी कळावी, हे तिचं काम. माझी बोटं राठ, हात सावकाश, म्हणून माझ्यावरच तपासते. खिडकी उघडावी म्हणून मी बोट टेकवलं, तर भलतीच यादी समोर आली.

"परत टेकव, आई."

"किती येळा? बोट झिजंल माझं."

"कापूस येचून झिजलं न्हाई, आता झिजंल व्हय?" ती हसली. मग म्हणाली, "तुझं चुकत न्हाई. तू बोट उचलायच्या आधीच मशीन ठरवून टाकायलंय."

तिनं समजावून सांगितलं. एक बोट टेकलं की ते नुसतं टेकवायचं आहे, दाबून धरायचं आहे, की दुसरं बोट मागून येणार आहे, हे सुरुवातीला सारखंच दिसतं. म्हणून स्पर्श थोडा राखून ठेवायचा. घाईनं खिडकीला देऊन टाकला आणि मागून दुसरं बोट आलं, तर खिडकीला सांगावं लागतं, हे तुझ्यासाठी नव्हतं, विसर. "थांबायचं किती, तेच ठरंना. लय थांबलं तर लोक म्हणतात, मशीन मंद हाय."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि फळीवरचं ताट खाली काढलं.

पेडगावातली ती दुपार. विद्यापीठाच्या नावावरून गावं पेटलेली, आमच्या वस्तीतल्या बाया दबकत तुमच्या वर्गाला येणाऱ्या. ताटात बारीक वाळू, मी अक्षर गिरवते आहे, अजून अर्धंच झालंय, आणि तुम्ही ताट ओढून घेता. मी उभी राहते.

"आमचा हात लागला म्हणून काढून घेतलंत नव्हं?"

"अगं, थांब की! बस खाली."

मी थांबले नाही. प्रत्येकीचं अक्षर झालं की ताट ओढून, वाळू हलवून तुम्ही पुढचीच्या समोर ठेवायचात, हे मला पुष्कळ दिवसांनी आठवलं. माझं झालं असं वाटलं असेल तुम्हाला. किंवा नसेल. आठ दिवसांनी तुम्ही ताट घेऊन आमच्या दारात आलात. सासूबाई म्हणाल्या, "घरात न्हाई ती, बाई." मी दाराआडच होते. तुम्ही ताट ओट्यावर ठेवलंत आणि गेलात. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही वारल्याचं कळलं.

उरलेली अक्षरं त्याच ताटात एकटीनं गिरवली. मुलीचे वडील असेपर्यंत त्यांनाही हे कधी सांगितलं नाही. ते गेले, आता विचारणारं कुणी उरलं नाही, असं वाटत होतं.

मघाशी मुलीनं विचारलं, "हे ताट कुणाचं गं?"

मी म्हणाले, "माहेरचं."