मोहनाच्या पासपोर्टवरचा ‘शाब्बास’

निरुपमा,

मोहनाच्या पासपोर्टवर ‘शाब्बास’चा शिक्का तिने नाही, मी मारला. बालीला उतरल्यावर शिक्का कसा मारतील ते तिला दाखवत होतो आणि हाताशी माझा शाळेतला शिक्का होता. काल तू तिला रागावलीस तेव्हा मी शेजारीच टॉवेलांच्या घड्या घालत गप्प बसलो. तिनेही माझं नाव घेतलं नाही. जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवून मी सहा वर्षांच्या नातीमागे लपलो.

पासपोर्ट घेऊन कचेरीत चाललोय. शनिवारच्या विमानाआधी काही होतं का, विचारतो. मोहना उठली की ही चिठ्ठी तिला वाचून दाखव. शिक्षा म्हणून तू तिची वाळूची बादली बॅगेतून काढलीस, ती परत ठेव. जागा नसेल तर माझे कपडे काढ.

नाना