फुल बॉडी

१३ एप्रिल २०२५, रविवार
बाटली गच्चीवर उन्हात ठेवली. सलग तिसरा उन्हाळा. नाशिकला ट्रेनिंगला गेलो होतो तेव्हा आणलेली रेड वाइन, फुल बॉडी. जितकी जुनी तितकी भारी, असं व्हिडिओत सांगतात. पण मुरवायची कशी ते त्या गोऱ्यांना काय डोंबल कळतंय! जे मुरतं त्याला ऊन लागतं. मी पहिल्याच दिवशी बूच फेकून तोंडाला दादरा बांधला. मलमलचं फडकं, लोणच्याच्या बरणीला बांधतात तसं.
बायको नाक मुरडून म्हणाली, आंबट वास येतोय. म्हटलं, आशालताबाई, तुम्ही कैऱ्या चिरा.

१७ एप्रिल
ऑफिसात बॉम्ब. साहेब म्हणाले, इथे कारकुनी करणाऱ्या दोन मास्तरांपैकी एकच जव्हारला राहील. मी किंवा कमलेश. दुसरा आपल्या मूळ शाळेवर. माझी मूळ शाळा वांगणी, रेल्वेचं नव्हे, आमच्या डोंगरातलं. आठ वर्षांत तिचं तोंड पाहिलेलं नाही. रस्ता नाही, रेंज नाही, आणि वर पोरांना शिकवायचं. छे!
पण साहेब निफाडकडचे, घरची द्राक्षबाग. म्हणजे दर्दी माणूस. बाटली काढायची वेळ आली. कमलेशकडे काय आहे? टक्कल.

२ मे
वाइनवर जाड साय धरली आहे. हीच ती बॉडी! ओकच्या पिंपाची चव यावी म्हणून सागाची एक ढलपी आत सोडली. लाकूड ते लाकूड.
आशा म्हणाली, अहो, ओतून टाका ते. पोशेऱ्यासारख्या खेड्यात नाचणीवर वाढलेली बाई, तिला काय सांगणार? लग्नाला बावीस वर्षं झाली, ही काही मुरली नाही.

११ मे
ग्लास गोल फिरवायची प्रॅक्टिस. कोकम सरबत घेऊन. पांढरा शर्ट गेला. आशाला धुवायला दिला, डाग निघाला नाही. एक काम धड येत नाही तिला.
उद्यापासून रोज अर्धा तास प्रॅक्टिस. जुन्या शर्टात.

१९ मे
प्रॅक्टिस झाली नाही. उकाडा.

२३ मे
उद्या साहेब जेवायला. आशाला बजावलं, वाढायचं आणि आत जायचं, तोंड उघडायचं नाही. आणि ते तुझं लोणचं टेबलावर नको, माझी इज्जत जाईल. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कांदा चिरत होती म्हणा.

२५ मे
काल साहेबांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. मनात म्हटलं, लागली! मग ते उठून मोरीकडे धावले. परतले तेव्हा मिशीला साय. म्हणाले, दामोदरराव, हे व्हिनेगर आहे, आणि तेही नासलेलं.
साहेबांना पारख नाही. बाग असली म्हणून जीभ असते असं नाही.
तोंडाची चव बदलावी म्हणून आशाने लोणचं पुढे केलं. मी डोळे वटारले, तिने पाहिलंच नाही. साहेब चार पोळ्या नुसत्या लोणच्याशी खाऊन उठले. वर म्हणाले, वहिनी, दोन बरण्या द्याल का, परवा येऊन नेतो.
असो. माझ्या घरी पोटभर जेवले, हे महत्त्वाचं. कमलेश संपला.

३१ मे
वांगणी. सोमवारी हजर व्हायचं.
साहेबांचा गैरसमज झाला असणार म्हणून कमलेशला गाठलं. तो हसत होता, मेला. म्हणाला, साहेबच सांगत होते, बरण्या न्यायला गेले तेव्हा त्यांनी वहिनींनाच विचारलं, दामोदररावांना ठेवू का जव्हारला? वहिनी म्हणाल्या, नको. सावलीत बसून बसून आंबलेत. पाठवा वांगणीला, जरा ऊन लागू द्या.

१ जून, रविवार
आशाला खडसावून जाब विचारायचं ठरवलं होतं. ती गच्चीवर कैऱ्या वाळत घालत होती, लोणच्याच्या ऑर्डरीच्या. माझी बॅग भरून दाराशी ठेवलेली. सोबत येतेस का, असं विचारून पाहिलं. म्हणाली, वेळ नाही.
उरलेल्या वाइनने तिने मीठ लावून तांब्याचं घंगाळ घासलंय. काय लखलखीत निघालंय! म्हणजे वाइन चांगलीच होती.