केझायाचं गाठोडं

६ नोव्हेंबर १८४३
आले एकदाची. फाटकापाशी उतरवताना गाडीवाला म्हणाला, इथे हसत जाणारी तुम्हीच पहिली. मी म्हटलं, मी कामाला चालले आहे बाबा, राहायला नाही. निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणाऱ्या या गरीबघरातली कपड्यांची खोली आता माझ्या ताब्यात. येणाऱ्यांचे कपडे धुऊन, गाठोडं बांधून, चिठ्ठी लावून ठेवायचे आणि इथला निळ्या पट्ट्यांचा जाडाभरडा झगा द्यायचा. मोठ्या बाई, मिसेस स्क्वाइब, फटकळ आहेत. पण मीही काही कमी नाही. चहा मात्र झकास मिळतो.

९ नोव्हेंबर
फाटलेली बाही शिवून घ्यायला फीबी आली होती. पाच वर्षांची चिमुरडी. इथे आई एकीकडे, मूल दुसरीकडे. रविवारी घटकाभर भेट. आई कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाली, बायकांच्या बाजूला, पण बरेच रविवार आलीच नाही. जीव तुटला माझा. माझ्यातला पाव दिला. पोर लळा लावणार.

१३ नोव्हेंबर
मोठ्या बाई बहिणीकडे गेल्या आहेत. सकाळी इथल्याच झग्यात एक बाई आली. झग्याच्या कडेला ओली माती. केझाया, फीबीची आई. म्हणाली, मला बाहेर पडायचंय, माझे कपडे द्या. नियम साधा आहे: सकाळी सांगायचं, तीन तासांनी आपल्या कपड्यांत चालू लागायचं. इथल्या कपड्यांत फाटक ओलांडलं तर चोरी. गाठोडं शोधून तिचा तपकिरी झगा दिला. आईबाप निघाले की मुलंही सोबत न्यावी लागतात. ते तिला बजावलं. ती म्हणाली, पोरीला आणि तिचे कपडे न्यायला येते परत.

१६ नोव्हेंबर
मोठ्या बाई आल्या. केझाया अजून मुलीला न्यायला आली नाही, असं जरा तणतणतच सांगितलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. केझाया सप्टेंबरात तापाने गेली. इथल्याच झग्यात पुरली, भिंतीमागे, घंटासुद्धा न वाजवता. गाठोडं जाळायचं राहून गेलं. आणि पोरीला कुणी सांगितलंच नाही. मला आधी रडू आलं. भीती मागाहून वाटली.

१७ नोव्हेंबर
फीबीला ताप. तरी खुशीत आहे. अंगणात आई भेटली म्हणते, तपकिरी झगा घालून — हात फार गार होते म्हणे. मी सांगायला हवं. जीभच रेटत नाही.

१८ नोव्हेंबर
केझाया आली होती. भर दुपारी. रागावली नाही, रडलीही नाही. मुलं सोबत न्यायचा नियम मला म्हणून दाखवला — माझ्याच शब्दांत. उद्या बाराला नेईन, म्हणाली. मी नाही म्हटलं. नाही, नाही —

१९ नोव्हेंबर
फीबीला इथे कपड्यांच्या खोलीत आणलं आहे. कडी घातली. पोरीचं अंग भाजतंय. मोठ्या बाई डॉक्टरला आणायला —

बारा वाजले.

शेवटी सांगितलं. आई गेली गं, म्हटलं. ती म्हणाली, नाही बाई, दाराशी उभी आहे.

स्वतःचं गाठोडं फीबीनेच सोडलं. झगा घातला. पाठीची बटणं लावून द्या म्हणते, हात पुरत नाही. मी नाही म्हटलं. मिठीत धरून ठेवलंय. एका हाताने लिहिते —

मग आई लावेल, म्हणाली, आणि दाराकडे पाठ करून —

एक बटण लागलं. दुसरं —